माझी मखमली सवत

मित्रांनो, मला आजवर कुणी डोक्यावर घातलेलं नाही, तरी मी टोपीच आहे. चेटकिणीची टोपी. उंच, टोकदार, काळी आणि पसरट काठाची. माझा जन्म डोक्यासाठी नव्हताच. ऑक्टोबर उजाडला की मला दारावरच्या हुकाला टांगायचं, आणि हॅलोविनच्या संध्याकाळी भुतांची, चाच्यांची, राजकन्यांची सोंगं घेऊन आलेल्या मुलांनी आधी माझ्याकडे बघायचं आणि मग खाऊ मागायचा, एवढ्यासाठी मला घडवलं गेलं. आता माझा काळा रंग विटून करडा झाला आहे. टोकही जरा कलंडलं आहे. पण आपली हकिकत सांगण्यापुरता दम माझ्यात अजून आहे. एक मात्र आधीच सांगून टाकते. माझा स्वभाव हेवेखोर आहे. ज्या बाईने मला केलं तिचाही तसाच होता, तेव्हा तो मला कुठून आला हे वेगळं सांगायला नको.

त्या बाईचं नाव ट्रूडी हॅनेमन. ओहायोतल्या वेदरली या लहान गावात तिचं घर होतं. गावातल्या हातमोज्यांच्या कारखान्यात तिने उमेदीची सगळी वर्षं शिवणकाम केलं होतं. नवरा वारला होता. एकुलती एक मुलगी रॉक्सी त्याच गावात राहायची, आणि रॉक्सीची मुलगी जोसी रोज दुपारी ट्रूडीकडे असायची, कारण आई-वडील दोघेही कामावर जात. जोसी तिला 'नॅना' म्हणायची. त्या एका हाकेवर ट्रूडीचा दिवस चालायचा.

जोसी चार वर्षांची असताना, पानं लाल व्हायला लागली त्या दिवसांत, ट्रूडीने मला करायला घेतलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिने जाड पुठ्ठा पसरला, पेन्सिलीने मोठा गोल काढला, त्यातली एक फाक कापून टाकली आणि उरलेला पुठ्ठा वळवून शंकू केला. शंकूच्या खालच्या कडेला कात्रीने बारीक बारीक चिरा दिल्या, त्या बाहेरच्या बाजूला दुमडल्या आणि त्यांवर माझा काठ बसवला. काठ फेल्टच्या, म्हणजे दाबून केलेल्या जाड कापडाच्या, दोन थरांचा होता. त्या दोन थरांच्या मध्ये, अगदी बाहेरच्या कडेने, ट्रूडीने बारीक तार फिरवून घेतली होती. माझा ताठा त्या तारेतला. काठ हवा तसा वळवावा आणि तो तसाच राहावा.

"नॅना, हे मी चिकटवू?" जोसी खुर्चीवर गुडघे टेकून उभी होती.

"ग्लू गनला हात नाही लावायचा हं. भाजतं." एवढं म्हणेपर्यंत ट्रूडीच्याच बोटावर गरम गोंदाचा थेंब पडला. "आई गं! बघ, भाजतं की नाही?"

"आता तू रडणार?"

"मोठी माणसं रडत नाहीत. बोट चोखतात."

मग जांभळी रिबीन आली, नारिंगी जाळीचा फुगीर बो आला, कापडी सूर्यफूल आलं. शेवटी जोसीने स्वतःच्या हाताने एक प्लास्टिकचा कोळी माझ्यावर चिकटवला. तो उलटा चिकटला, पाय आकाशाकडे. ट्रूडीने तो काढला नाही.

"नॅना, हिच्या आतली चेटकीण कुठे गेली?"

"जेवायला गेलीय. येईल."

जोसी बराच वेळ माझ्याखाली वाकून बघत राहिली. मित्रांनो, त्या दिवशी त्या घरात माझ्याइतकं लाडकं दुसरं कुणी नव्हतं. मला वाटलं, हे असंच चालायचं.

दोन-तीन हॅलोविन खरंच तसे गेले. रस्त्यावरून जाणारे लोक थबकायचे. टपाल टाकायला येणारा अर्ल विचारायचा, "ट्रूडी, ही कुठून आणलीस?"

"आणली नाही. केली." हे 'केली' ती अशा ठसक्यात म्हणायची की माझा काठ आणखी ताठ व्हायचा.

गावच्या वाचनालयात दर ऑक्टोबरच्या अखेरीला टोप्यांचं प्रदर्शन भरायचं. लांब टेबलावर गावातल्या बायाबापड्यांनी केलेल्या चेटकिणीच्या टोप्या मांडत. प्रत्येक टोपीपुढे एक काचेची बरणी. जी टोपी आवडेल तिच्या बरणीत मुलांनी खाऊची एक गोळी टाकायची, आणि सगळ्यात जास्त गोळ्या जिच्या, तिला बक्षीस. माझी बरणी दर वर्षी सगळ्यात आधी भरायची. उरलेल्या टोप्यांकडे मी बघायचे ते वरून. हेवा म्हणजे काय हे मला तेव्हा ठाऊकच नव्हतं. दुसऱ्यांना माझा वाटत असेल, इतकंच मला माहीत.

मग मार्लीस आली.

मार्लीस म्हणजे रॉक्सीची सासू, ट्रूडीची विहीण. ती इतकी वर्षं दूर ॲरिझोनात राहायची. नाताळला खोकाभर भेटी पाठवायची आणि रविवारी फोन करायची. तिचा नवरा गेला, तसा तिच्या मुलाने, कर्टने, तिला वेदरलीला आणलं. ट्रूडीच्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडे, एक पिवळं घर रिकामं होतं. ते तिने घेतलं.

"समोरच?" ही बातमी ऐकून ट्रूडीने मुलीला विचारलं. "गावात दुसरी घरं नाहीत का?"

"आई, बरंच झालं ना. तुम्हाला एकमेकींची सोबत होईल. आणि जोसीला आणायला-सोडायला दोघी."

"मला एकटीला जमत नव्हतं असं कोण म्हणालं?"

 त्या दिवशी ट्रूडीने ओट्यावर भांडी जरा जोरातच ठेवली.

मार्लीस उंच, पांढऱ्याशुभ्र केसांची, हळू बोलणारी बाई होती. तिच्या घरी जोसीला अस्वलाच्या आकाराची धिरडी मिळायची, वर मेपलच्या झाडाचा गोड पाक. दुसऱ्याच आठवड्यात ट्रूडीनेही अस्वलं करून पाहिली. ती डुकरांसारखी झाली. जोसीने ती आनंदाने खाल्ली आणि तोंड पुसत म्हणाली, "ग्रॅमीच्या अस्वलांना कान असतात."

ग्रॅमी! कालपर्यंत 'ॲरिझोनावाली आजी' होती, आज ग्रॅमी झाली. उघड्या दारावरून मी ट्रूडीचा चेहरा पाहिला. फ्रिजमधलं दूध बाहेर काढून ती ते पुन्हा आत ठेवत होती.

त्याच ऑक्टोबरात मार्लीस एकदा सफरचंदांची टोपली घेऊन आमच्या दाराशी आली. घंटी वाजवण्याआधी ती माझ्यापुढे उभी राहिली. तिने माझ्या काठावरून बोट फिरवलं, अगदी कडेकडेने, गोल. मग दार उघडलं.

"किती सुरेख केलीय हो ही," मार्लीस म्हणाली. "मला शिकवाल? जोसी म्हणत होती, सगळ्यांच्या दाराला टोपी आहे, ग्रॅमीच्याच नाही."

ट्रूडी नाही म्हणणार होती. तिच्या ओठांवर ते आलेलं मला दिसलं. पण मागे रॉक्सी उभी होती. "शिकव ना, आई. त्यात काय!"

"शिकवते की," ट्रूडी म्हणाली. "त्यात काय."

दुसऱ्या दिवशी दुपारी नमुना म्हणून मला हुकावरून काढलं आणि टेबलावर ठेवलं. मार्लीसने पिशवीतून कापड काढलं, आणि मित्रांनो, माझ्या पोटातला पुठ्ठा गार पडला. मखमल होती ती. गर्द हिरवी, रानातल्या शेवाळासारखी. हात फिरवला की एका बाजूने काळी दिसायची आणि दुसऱ्या बाजूने उजळायची. मी साध्या फेल्टची. माझ्यावरून कुणी हात फिरवला तर हाताला फक्त कुसं लागतात.

"भारी कापड आणलंत," ट्रूडी म्हणाली. कौतुकाने नव्हे.

"घरात पडून होतं. जुना पडदा हो." मार्लीस खुर्चीत नीट बसली. "सांगा, आधी काय?"

ट्रूडीने शिकवायला सुरुवात केली. शिकवण्यात ती चांगली होती. शंकू कसा वळायचा, जोड मागच्या बाजूला कसा न्यायचा, चिरा किती खोल द्यायच्या, गोंद थंड होईपर्यंत कसं दाबून धरायचं, सगळं तिने सांगितलं. एक दुपार शंकूत गेली, एक सजावटीत. मार्लीस कामापेक्षा बोलायची जास्त. ॲरिझोनात ऑक्टोबरातही पंखा लावावा लागतो म्हणायची. जोसी शाळेतून आली की दोघींच्या मधल्या खुर्चीत बसून बिस्किटं खायची आणि एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघायची.

मग काठाची पाळी आली. मार्लीसने मखमलीच्या दोन चकत्या कापल्या.

"आता या दोन्ही एकमेकींना चिकटवायच्या," ट्रूडी म्हणाली.

"नुसत्या?"

"नुसत्या."

तारेचं रीळ ओट्याच्या खणात होतं. ट्रूडी त्या खणाला पाठ लावून उभी होती. मखमल तर फेल्टपेक्षा जड, तिला तारेची गरज माझ्याहून जास्त. हे ट्रूडीला कळत नव्हतं असं थोडंच? मला सगळं दिसत होतं. तोंड असतं तरी मी बोलले नसते. खरं सांगू? मला आनंद झाला होता.

मार्लीसने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग ट्रूडीकडे. "बरं," म्हणाली आणि गोंद लावायला लागली.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी ती हिरवी टोपी झकास उभी होती. गोंद ताजा होता, त्याच्या जोरावर. मखमल वाचनालयाच्या दिव्याखाली अशी चमकत होती की येणारा प्रत्येक माणूस आधी तिच्यापाशी थांबायचा. आम्हाला शेजारी शेजारी ठेवलं होतं. माझ्या बरणीत गोळ्या पडत होत्या, पण माझं लक्ष तिच्या बरणीकडे. पडली, आणखी एक पडली. मित्रांनो, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हेवा कसा असतो. आपल्याकडचं काही कमी होत नाही, तरी आपल्याकडे काहीच नाही असं वाटायला लागतं.

दुपारी गर्दी वाढली. खोली तापवायचं यंत्र त्या टोपीच्या अगदी मागे होतं. गोंद मऊ पडायला लागला. आधी तिच्या काठाची एक बाजू हळूच खाली आली. मग दुसरी. मग तिचं टोक वाकलं, आणखी वाकलं, आणि शेवटी सगळी टोपी कान पाडलेल्या कुत्र्यासारखी टेबलावर बसली. कुणीतरी फिसकन हसलं. मग बरेच जण हसले. मार्लीस टेबलामागे उभी होती. तिचे गाल लाल झाले.

ट्रूडी हसली नाही. पण तिने माझा बो सारखा केला, आणि तो आधीच सारखा होता.

तेवढ्यात जोसी गर्दीतून पुढे घुसली. तिने ती पडकी टोपी दोन्ही हातांनी धरून निरखली आणि हसणाऱ्या मुलांना दटावलं, "श्श! हळू बोला. तिची चेटकीण झोपलीय."

"कुठे?" चाच्याच्या सोंगातल्या एका मुलाने विचारलं.

"आत. रात्रभर झाडूवर उडून दमली असेल की नाही? बघ, घोरतेय."

तो चाचा कान लावून ऐकायला लागला. मग एक भूत आलं. मग एक भोपळा आला. जरा वेळाने पोरांची रांग लागली. जो तो टोपीला कान लावायचा, "हो रे, घोरतेय!" म्हणायचा आणि तिच्या बरणीत गोळी टाकायचा. बरणी भरली. शेजारी दुसरी ठेवली. माझी अर्धी भरून तशीच राहिली.

बक्षीस तिला मिळालं. वाचनालयाच्या डोलोरेसबाईंनी टोपी उचलून विचारलं, "काय झोकदार पडलीय हो! मुद्दामच तार घातली नाहीत ना?"

सगळे बघत होते. मार्लीसने एकदा ट्रूडीकडे पाहिलं. ट्रूडीचा चेहरा धुतलेल्या फडक्यासारखा पांढरा झाला होता.

"हो," मार्लीस म्हणाली. "आमचं तसंच ठरलं होतं. ट्रूडीची ताठ, माझी आळशी."

टाळ्या झाल्या. ट्रूडीने टाळ्या वाजवल्या नाहीत. तिने कोट घेतला आणि ती सरळ बाहेर पडली. मला टेबलावर तसंच सोडून.

आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी विसरून गेलं होतं.

मला घरी कुणी आणलं? त्या मार्लीसनेच. गाडीच्या मागच्या सीटवर आम्हा दोघींना बाजूबाजूला ठेवलं होतं. प्रत्येक वळणावर ती मखमली बया माझ्या अंगावर कलायची. मी ताठ बसले.

उजेड अजून होता. मार्लीसने मला काखेत धरून घंटी वाजवली. ट्रूडीने दार उघडलं. डोळे सुजलेले होते.

"ही विसरलात," मार्लीस म्हणाली.

ट्रूडीने मला घेतलं नाही. "तार होती," ती एकदम म्हणाली. "माझ्याकडे रीळ होतं. खणात. मी मुद्दाम सांगितलं नाही."

"माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"पहिल्याच दिवशी हिच्या काठावरून बोट फिरवलं तेव्हा तार हाताला लागली होती. मी काय आंधळी आहे?"

ट्रूडी बघतच राहिली. "मग बोलला का नाहीत? सगळ्यांसमोर हसं करून घेतलंत!"

"बोलले असते तर तुम्ही खण उघडला असता, तार दिली असती, आणि मग तुमच्या घरात बसायला मला तोंड राहिलं असतं का? तुम्ही लाजला असता, मी उठून गेले असते." मार्लीसने पलीकडच्या पिवळ्या घराकडे पाहिलं. "त्या घरात मी दुपारभर घड्याळाची टिकटिक ऐकत असते, ट्रूडी. इथे दोन घटका बोलायला मिळत होतं. टोपी पडली तर पडली."

 वारा सुटला होता. पानं अंगणातून घरंगळत पायऱ्यांपर्यंत येत होती.

"मला तुमचा राग यायचा," ट्रूडी म्हणाली. "त्या अस्वलांचा तर फारच."

"आणि मला तुमचा येत नसेल?" मार्लीस हसली, पण डोळे भरले होते. "जोसीचं पहिलं पाऊल तुम्ही पाहिलंत. पहिला दात तुम्ही पाहिलात. मी काय पाहिलं? फोन. परवा माझ्याकडे झोपली असताना तिला ताप आला तेव्हा मी रात्रभर उशाशी होते, आणि पोर झोपेत 'नॅना, नॅना' करत होती. सांगा, कसं वाटलं असेल मला?"

हे ट्रूडीला माहीत नव्हतं. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. वाईट वाटत होतं तिला, हे खरं. पण मी तिला चांगली ओळखते. आत कुठेतरी तिला बरंही वाटत होतं.

"खरंच? 'नॅना' म्हणत होती?"

"हो, म्हणत होती. आता फार खूश होऊ नका."

ट्रूडीने मला तिच्या काखेतून काढून घेतलं आणि हुकाला अडकवलं. "ये आत," ती म्हणाली. त्या दिवसापासून 'तुम्ही' सुटलं. "कॉफी टाकते. आणि त्या अस्वलांना कान कसे येतात ते सांग. पूर्ण सांग हं, काही लपवू नकोस."

"बघू," मार्लीस म्हणाली.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल इथे माझा हेवाही संपला असेल. माणसांचं बरं असतं. दोन कप कॉफी प्यायली की त्यांचं मन निवळतं. मला कोण कॉफी पाजणार? समोरच्या पिवळ्या दारावर ती मखमली झोपाळू लटकलेली, आणि मुलांची झुंड आधी तिकडे. कान लावायची, हसायची, मग रस्ता ओलांडून माझ्याकडे यायची. ट्रूडीने एकदा तारेचं रीळ घेऊन मार्लीसच्या टोपीला तार घालून द्यायची तयारी दाखवली. जोसीनेच अडवलं. "नको, नॅना! चेटकीण जागी होईल." मला किती वाटत होतं की व्हावी. उठावी, ताठ व्हावी, आणि मग बघावं दोघींत सरस कोण ते.

वर्षं गेली. जोसी मोठी झाली. एका हॅलोविनला तिने सोंग घेतलं नाही, मैत्रिणींबरोबर सिनेमाला गेली. ओसरीवर खाऊची परात घेऊन दोन म्हाताऱ्या शेजारी शेजारी बसल्या होत्या. "त्या मैत्रिणींत तिला असं काय मिळतं गं?" ट्रूडी कुरकुरली. "तेच मी म्हणते," मार्लीस म्हणाली. दोघींचा हेवा आता एकाच दिशेला वळला होता, आणि त्यात त्यांची चांगलीच गट्टी जमली.

आमचे मात्र वाईट दिवस आले. हॅलोविन झाला की आम्हाला खोक्यात घालून माळ्यावर टाकायचे. एका वर्षी कुणीतरी माझ्या खोक्यावर नाताळच्या झाडाचा लोखंडी पाया ठेवला. अख्खं वर्ष मी त्याच्या खाली होते. ओल आली. माझा शंकू चेपला, सूर्यफुलाच्या पाकळ्या गळल्या, जाळीला उंदराने दात लावले. पुढच्या ऑक्टोबरात खोकं उघडलं तेव्हा ट्रूडीने मला उलटसुलट फिरवून पाहिलं.

"टाकून द्यावी लागणार," ती शेवटी म्हणाली.

"टाकून देणार? वेडी आहेस का?" मार्लीसने मला तिच्या हातातून ओढून घेतलं. तिने किटलीत पाणी उकळलं, वाफेवर मला धरून माझा पुठ्ठा मऊ केला, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले आणि बोटांनी हळूहळू दाबत माझा शंकू पुन्हा उभा केला. ट्रूडी शेजारी उभी राहून सारखी सूचना देत होती.

"हळू. तिथे फाटेल."

"माहीत आहे गं."

"माझी आहे ती."

"अगं हो, तुझीच आहे. मी काय पळवून नेतेय?"

मी त्या हातांत गुपचूप होते. ज्या बाईच्या टोपीने माझं सगळं हिरावून घेतलं, तिनेच मला उभं केलं. हे उपकार मला नको होते. पण बोटं मऊ होती तिची, ते नाकारता येणार नाही.

पुढे मार्लीस बर्फावर घसरून पडली. कंबरेचं हाड मोडलं. तिच्या घरात जिने होते, ट्रूडीचं घर बैठं. ट्रूडीने कुणाला विचारलं नाही. मागची खोली रिकामी केली आणि कर्टला सांगितलं, "तिचं सामान इकडे आण. आणि तो धिरड्यांचा साचा विसरू नकोस." मार्लीसबरोबर तिची टोपीही आली. दाराला एकच हुक होता. ट्रूडीने शेजारी दुसरा ठोकला. तेव्हापासून आम्ही दोघी एकाच दारावर. लोक थांबायचे, आधी तिच्याकडे बघायचे. कितीदा बघितलं मी ते!

आणि मग जोसी अठरा वर्षांची झाली. दूरच्या शहरात तिला कॉलेजात जायचं होतं. ऑगस्टात गाडी भरली. उशा, पुस्तकं, दिवा, चपला, एक भलीमोठी परात. दोन्ही आज्या ओसरीवर उभ्या. मार्लीसच्या हातात काठी.

"एक टोपी घेऊन जाते मी," जोसी म्हणाली. "खोलीच्या दारावर लावायला. पण जागा एकीचीच आहे."



"माझी ने," ट्रूडी म्हणाली. "तू स्वतः केलीयस ती माझ्याबरोबर."

"माझ्या टोपीला बक्षीस मिळालंय," मार्लीस म्हणाली.

"ते बक्षीस पोरीने मिळवून दिलं, टोपीने नाही."

"मग तिने मिळवलं म्हणून तिचीच झाली ना ती?"

"अगं बायांनो!" जोसी कपाळावर हात मारत म्हणाली. "मी नाही निवडणार. तुम्हीच ठरवा."

मला वाटलं आता संध्याकाळपर्यंत हे चालणार. पण मार्लीसने काठी टेकत पुढे येऊन मला खोक्यातून उचललं आणि जोसीच्या हातात दिलं. "घे. नॅनाचीच घेऊन जा."

ट्रूडीने डोळे बारीक केले. "का गं? एवढं मोठं मन आज कुठून आलं?"

"असंच."

"पोरीला वाटावं ग्रॅमी किती चांगली, म्हणून ना?"

"तसंच समज," मार्लीस म्हणाली आणि हसली. ट्रूडीलाही हसू आलं. तिला ते आवरता आलं नाही.

मी जिंकले होते. इतक्या वर्षांनी, त्या मखमलीसमोर, मी जिंकले होते. जोसीने मला मागच्या काचेजवळ ठेवलं. गाडी निघाली. मी काचेतून बघत होते, त्या हिरवीचं तोंड कसं उतरलंय ते मला बघायचं होतं. पण तिकडे वेगळंच चाललं होतं. ऑगस्ट होता, हॅलोविनला अजून किती अवकाश! तरी ट्रूडीने त्या हिरव्या टोपीला खोक्यातून काढलं होतं. मार्लीस एका हाताने तिची धूळ झटकत होती, ट्रूडी दुसऱ्या बाजूने काठ धरून होती. दोघी काहीतरी बोलून खदखदून हसत होत्या. मग दोघींनी मिळून तिला दारावर लावलं, मधोमध. गाडी कोपऱ्यावर वळली आणि मला पुढचं दिसलं नाही.

आता मी कॉलेजच्या वसतिगृहातल्या एका लांबलचक बोळातल्या दारावर असते. इथल्या मुली माझ्याकडे बघून "किती गोड!" म्हणतात. जोसी म्हणते, "माझ्या नॅनाने केलीय." ती नॅनाच्याच ठसक्यात 'केलीय' म्हणते. शेजारच्या दारांवर नुसते कागद चिकटवलेले आहेत. माझ्या तोडीचं इथे कुणी नाही. मनासारखं झालं म्हणायचं. तरी संध्याकाळी जोसी फोनवर त्या दोघींचा फोटो बघते, त्यात दारावर ती लटकलेली दिसते, दोन म्हाताऱ्यांच्या मधोमध, आणि माझ्या काठाला आतून कसं आवळल्यासारखं होतं.

मित्रांनो, तुमच्याही घरी सणाचं काही ना काही असेल, कुणीतरी हाताने केलेलं. त्याला माळ्यावर ठेवताना वर जड वस्तू ठेवू नका. ओल लागू देऊ नका. वर्षातून एकदा तरी उघडून बघा. आणि कुणाला काही शिकवाल तर पुरतं शिकवा. मागे ठेवलेलं आपल्याच घशात अडकून बसतं, हे मी ट्रूडीच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे.

आणि तुमच्यापैकी कुणी वेदरलीला गेलंच, तर त्या बैठ्या घराच्या दाराशी जरूर थांबा. तिथे ती हिरवी झोपाळू असेल. तिला म्हणावं, काळी मजेत आहे. तिचा वेगळा हुक आहे, वेगळं दार आहे, रोज कौतुक होतं. एवढंच सांगा. आणखी काही विचारलं, तर तिला काही सांगू नका.